नंबर आपला, नोंद कुणाची?

नवा फोन घेणे ही आता काही मोठ्या अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. दोन-तीन वर्षे झाली की जुन्याची बॅटरी टिकेनाशी होते, काच तडकते, 'जागा भरली, जागा भरली' म्हणून तो रोज कुरकुर करू लागतो. आणि मग कांद्याचे चार पैसे आले किंवा दिवाळीचा बोनस हाती पडला, की आपण दुकानाची पायरी चढतो. दुकानातला मुलगा हुशार असतो. दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवून तो अर्ध्या तासात जुन्यातले नव्यात उतरवून देतो. आपण विचारतो, "सगळं आलं ना भाऊ?" तो म्हणतो, "सगळं आलं, काळजी नका करू." जुना फोन त्याच्याच हवाली करायचा, त्याचे जे हजार-बाराशे रुपये होतील ते नव्याच्या किमतीतून वजा करून घ्यायचे, आणि घरी यायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी कळते, की सगळे काही आलेले नाही. नावे आली, नंबर आले, बहुतेक छायाचित्रेही आली. पण ज्या ॲपमध्ये बचत गटाच्या हप्त्यांची नोंद होती, ते उघडले तर ते परक्या माणसासारखे विचारते, "आपले नाव काय?" दुकानात परत जावे तर उत्तर मिळते, "ॲप तर आलंय की ताई! आतलं नाही आलं, त्याला मी काय करू?"

हे 'आतलं' म्हणजे काय, ते राहते कुठे, ते बरोबर का येत नाही, आणि ते आपलेच असेल तर आपल्याला ते हक्काने नेता का येऊ नये, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. भाषेचा अध्यापक आहे. पण लिहून ठेवलेले टिकते कसे आणि हरवते कसे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही जुनाच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हे नुकसान किरकोळ आहे, असे पुष्कळांना वाटते. 'चार फोटो गेले, काय बिघडले?' पण आपल्या जिल्ह्यात आज फोनमध्ये काय काय ठेवलेले असते ते पाहा. पाच गायींच्या गोठ्याचा सगळा इतिहास त्यात असतो: कोणती गाय कधी भरवली, लस कधी टोचली, कोणती किती दिवसांनी आटली. दूध संकलन केंद्रावर रोज किती लिटर घातले आणि फॅट किती लागली, याची नोंद असते. घोडेगावच्या बाजारात कांदा विकला, त्या पट्टीचा फोटो असतो. कागदाची पट्टी केव्हाच भिजून गेलेली असते. किराणा दुकानाची उधारी असते. आजारी माणसाच्या रक्तातील साखरेचे दोन-दोन वर्षांचे आकडे असतात. आणि कुणाच्या फोनमध्ये आता या जगात नसलेल्या माणसाचा आवाज असतो: "मी निघालोय, जेवायला थांबू नका," एवढाच चार सेकंदांचा निरोप. तो निरोप दुसऱ्याच्या दृष्टीने कवडीमोलाचा. पण ज्या घरातला तो असतो, त्या घराला विचारा.

तेव्हा हा प्रश्न चैनीचा नाही. पूर्वी जी वही देवळीत, ट्रंकेत किंवा आडभिंतीच्या फडताळात असे, ती आज फोनमध्ये आहे. फरक इतकाच, की घर बदलताना वही आपण स्वतः उचलून नेत होतो.

आता ही नोंद राहते कुठे, ते पाहू. माझ्या समजुतीप्रमाणे तिच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा सरकारदरबारची किंवा बँकेची. तुमचा सातबारा फोनमध्ये दिसतो, पण तो फोनमध्ये नसतो. तो महसूल खात्याच्या दप्तरी असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेताच्या बांधावर उभे राहून आपण पिकाचा फोटो काढतो आणि तो पाठवला की नोंद तिकडे जमा होते. फोन विहिरीत पडला तरी पिकाची पाठवलेली नोंद बुडत नाही. पैशांचेही तेच. फोनवरून आपण चहाचे दहा रुपये देतो, पण पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. इथे फोन म्हणजे नुसती खिडकी. खिडकी बदलली म्हणून आतला ऐवज जात नाही. फक्त नव्या खिडकीशी आपली ओळख पुन्हा पटवून द्यावी लागते.

दुसरी जागा कंपनीच्या कोठाराची. आपण लिहितो ते दूर कुठेतरी, त्या ॲपच्या मालकाच्या संगणकावर जाऊन साठते. नव्या फोनवर तोच नंबर, तेच खाते आणि तोच पासवर्ड दिला, की ते पुन्हा समोर येते.

तिसरी जागा म्हणजे फोनचे स्वतःचे पोट. खरी फसगत होते ती इथे. नोंदवहीची, हिशोबाची, औषधांच्या वेळांची कितीतरी लहान लहान ॲपे आपली नोंद फक्त त्या एका फोनमध्ये ठेवतात. यात लबाडी नाही. उलट, 'तुमची माहिती आम्ही कुठेही पाठवत नाही' हा त्यांचा गुणच असतो. पण या गुणाचीच दुसरी बाजू अशी, की फोन गेला म्हणजे वही गेली.

तुम्ही म्हणाल, मग दुकानदाराने जुन्यातून नव्यात उतरवले ते काय? तर त्याचे असे आहे. फोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची एक बंद खोली दिलेली असते. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. हे मुद्दाम केलेले आहे. नाहीतर एखाद्या भुरट्या खेळाच्या ॲपने तुमच्या बँकेच्या खोलीत हात घातला असता. दुकानदार जे उतरवतो ते बहुधा अंगणातले आणि ओसरीवरचे सामान: फोटो, गाणी, नंबर, कागदपत्रे. बंद खोल्यांतले त्याला हलवता येतेच असे नाही. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून या खोल्यांतील सामानाचीही आपोआप प्रत घेण्याची सोय झाली खरी, पण तिला प्रत्येक ॲपमागे २५ मेगाबाइटांची मर्यादा आहे. शिवाय ॲप लिहिणाऱ्याने 'माझी प्रत घेऊ नये' असे आत नमूद करून ठेवले, तर तेही मानले जाते. त्यातून काही नोंदी अशा कुलपात ठेवलेल्या असतात, की त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या यंत्रात घडवलेली असते आणि ती त्या यंत्राबाहेर कधी येतच नाही. सामान नव्या घरी नेले तरी कुलूप उघडत नाही. म्हणून ॲप येते, आणि आतले येत नाही.

सर्वांच्या जिव्हाळ्याचे ते व्हॉट्सॲप. त्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. निरोप वाटेत कुणाला वाचता येऊ नये, अशी कुलूपबंद व्यवस्था त्यात एप्रिल २०१६ पासून सर्वांना आहे. निरोप पोचला की कंपनी त्याची प्रत आपल्याकडे ठेवत नाही. तो पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये राहतो. नव्या फोनवर जुने संभाषण दिसायचे, तर आधी त्याची राखीव प्रत काढलेली हवी. ती अँड्रॉइड फोनवर गूगलच्या खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये जमा होते. गूगलच्या खात्यात १५ गिगाबाइट जागा फुकट मिळते. पूर्वी ही प्रत त्या जागेत मोजत नसत. २०२४ पासून मोजतात. त्या १५ गिगाबाइटांतच टपाल, त्यातच फोटो आणि त्यातच ही प्रत. सकाळच्या फुलापानांच्या शुभेच्छांनी ती जागा भरली, की प्रत निघणे थांबते. ते थांबल्याची सूचना येते, पण आपण सूचना वाचण्याआधीच पुसून टाकतो.

आणि आणखी एक अडचण, जी खेड्यापाड्यांत फार आढळते. ते गूगलचे खाते मुळात उघडले कुणी? पहिला फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानेच ते उघडून दिले होते. पासवर्ड त्यानेच घातला होता. पाच वर्षांनी तो पासवर्ड ना त्याला आठवतो, ना आपल्याला. मग नव्या फोनवर तो दुसरे नवे खाते उघडून देतो. प्रत जुन्या खात्यात सुखरूप पडलेली असते, आणि आपण नव्या खात्यात तिला शोधत बसतो. वस्तू हरवलेली नाही. फक्त ती कोणाच्या नावावर ठेवली होती तेवढे हरवले आहे.

अँड्रॉइडवरून आयफोनकडे किंवा उलट जाणाऱ्यांची गत तर मनमाडच्या जुन्या स्थानकासारखी होते. वयस्क श्रोत्यांना आठवत असेल, पूर्वी मनमाडला रुंद रुळांची गाडी आणि अरुंद रुळांची गाडी यांची भेट होत असे. तेव्हाच्या औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जायचे, तर एका गाडीतून उतरून दुसरीत बसावे लागे. डबा तसाच पुढे जात नसे. या दोन फोनांचे रूळही असेच वेगळे आहेत. एकाकडची राखीव प्रत दुसऱ्याला वाचता येत नाही. व्हॉट्सॲपचे सामान एकातून उतरवून दुसऱ्यात चढवण्याची अधिकृत सोय २०२१ आणि २०२२ मध्ये होत गेली. पण ती नवा फोन पहिल्यांदा मांडतानाच वापरलेली बरी. नवा फोन वापरात येऊन गेला, की काम अवघड होते.

किल्लीची गोष्ट निघाली म्हणून थोडे मागे जाऊ. महानुभाव पंथातील ग्रंथकारांनी आपल्या पोथ्या 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या. अक्षरांची अदलाबदल करून केलेली ती लिपी. तिच्यामुळे पोथ्या परक्या हातांपासून सुरक्षित राहिल्या. पण शेकडो वर्षे पंथाबाहेरच्या माणसाला पोथी हातात असूनही वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे मराठीच्या अभ्यासकांना आपल्याच भाषेतला एवढा मोठा गद्याचा खजिना दिसू लागला. मोडीचेही तसेच. आपल्या कितीतरी घरांत मोडीतले कागद आजही आहेत. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी गेली, आणि आजोबांची सही नातवाला वाचता येईना. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांना गावोगाव किती मागणी आली, हे आपण सर्वांनी पाहिले. कागद होता, वाचणारा हवा होता.

आजच्या फोनलाही हे जसेच्या तसे लागू आहे. २०२१ पासून व्हॉट्सॲपच्या राखीव प्रतीलाही स्वतःचे कुलूप लावता येते. त्याला एकतर पासवर्ड द्यायचा किंवा ६४ अंकी किल्ली घ्यायची. कुलूप उत्तम आहे. पण ती किल्ली हरवली, तर खुद्द कंपनीलाही ते उघडता येत नाही. म्हणजे नोंद सांभाळणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे किल्ली सांभाळणे, आणि ती आपल्यामागे कुणाला ठाऊक असावी हे ठरवून ठेवणे.

आता प्रतींबद्दल. इथे आपल्या गोदाकाठाला शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. म्हाइंभट हे गोदाकाठच्याच सराळ्याचे. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या, त्यांना गाठून, विचारून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी नष्ट झाली. म्हणजे त्या काळचा 'फोन' हरवला म्हणा ना! तरीही आज लीळाचरित्र आपल्या हाती आहे. कसे? तर ते अनेकांना पाठ होते. हिराइसा यांच्यासारख्या शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उतरवले गेले. निरनिराळ्या लोकांच्या आठवणीतून उतरल्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले, कुठे शब्द बदलले, कुठे प्रसंग मागेपुढे झाले. पण ग्रंथ वाचला.

दुसरे उदाहरण नेवाशाचे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली. उतरवणाऱ्याची नजर चुकते, कुणी पदरचे घालते. असे होत होत प्रतीप्रतींत फरक पडले. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी पैठणला त्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. ते शक्य झाले याचे कारण, ताडून पाहायला एकाहून अधिक प्रती होत्या. एकच प्रत असती तर तिच्यातली चूक हीच पुढे खरी ठरली असती, आणि ती एक नाहीशी झाली असती तर विचारायलाच नको.

यातून दोन गोष्टी निघतात. एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच. आणि प्रत काढली एवढ्यावर भागत नाही. ती वाचून पाहावी लागते.

'आमचं सगळं कंपनीकडे असतं, आम्हाला काय भीती?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अलीकडची काही वर्षे आठवावीत. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली. कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, आणि त्या निर्णयाची चर्चा हा आजचा विषय नाही. पण परिणाम पाहा. टिकटॉकवर खेड्यातल्या पोरापोरींनी हौसेने केलेल्या चित्रफिती एका रात्रीत त्यांच्या हाताबाहेर गेल्या. कागदांचे फोटो जपून ठेवण्याचे कॅमस्कॅनर त्याच यादीत होते. आणि गंमत अशी, की एका फोनमधून दुसऱ्यात सामान हलवायला दुकानदार ज्यांचा सर्रास उपयोग करत, ती शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही ॲपेही त्याच यादीत होती! बंदी नसली तरी धंदा बंद पडू शकतो. 'कू' नावाचे आपल्या देशातले संवादाचे ॲप जुलै २०२४ मध्ये बंद झाले. कोठार मोठे असले तरी नियम त्याच्या मालकाचे असतात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. वडील वारले, त्यांचा फोन कपाटात गेला, त्यांचे खाते कुणी उघडले नाही, तर त्यातले फोटो कायमचे राहतील असे धरून चालू नये.

सरकारचे कोठारही याला अपवाद नाही. दक्षिण कोरियासारख्या या विद्येत अग्रेसर देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. तेथे सरकारी नोकरांच्या कामाच्या कागदपत्रांचा सुमारे ८५८ टेराबाइटांचा साठा जळाला, आणि त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेही ठेवलेली नव्हती. जे नेवाशाच्या आणि पैठणच्या पोथी उतरवणाऱ्यांना ठाऊक होते, ते तिथे कुणाच्या ध्यानी राहिले नाही, असे म्हणावे लागते.

इथवर आपण आपल्या काळजीचे बोललो. आता हक्काचे बोलू. श्रोतेहो, पूर्वी मोबाइल कंपनी बदलायची म्हणजे नंबर सोडावा लागे. नंबर सोडला की ओळख सुटली. म्हणून सेवा वाईट असली तरी माणसे त्याच कंपनीला धरून राहत. मग नंबर बरोबर नेण्याची सोय झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात, आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. कंपनी सोडली तरी नंबर वापरणाऱ्याकडे राहू शकतो, हे त्या दिवशी नियमाने मान्य झाले. आज आपण त्याचा विचारही करत नाही, इतकी ती गोष्ट अंगवळणी पडली आहे.

मग जो न्याय दहा आकडी नंबराला, तो दहा वर्षांच्या नोंदीला का नसावा? युरोपात २५ मे २०१८ पासून तसा कायदा आहे. आपण कंपनीला दिलेली माहिती, दुसऱ्या यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क तेथील नागरिकाला आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. पुढे २०२३ साली जो वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यात तो राहिला नाही. आपल्याविषयी कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, ती पुसायला लावण्याचा, आणि आपल्या मागे हे हक्क वापरायला कुणाला तरी नेमून ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि महत्त्वाच्या बहुतेक तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण पाहता येते, पुसता येते, आणि नेता मात्र येत नाही, अशी नोंद पुरती आपली म्हणता येईल का? सावकाराच्या चोपडीत आपले खाते आपल्याला वाचून दाखवतात, पण त्याची नक्कल हाती देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. ही मागणी आपण, म्हणजे शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, बचत गटांच्या भगिनींनी, केली पाहिजे. ती फक्त शहरातल्या जाणकारांची मागणी आहे असे समजण्याचे कारण नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर फोन बदलायला निघालेल्या माणसाने काय करावे?

पहिले म्हणजे, जुना फोन त्याच दिवशी देऊ नये. निदान पंधरा दिवस तो घरात ठेवावा. त्याचे चार पैसे कमी आले तरी चालतील. या पंधरा दिवसांत रोजची सगळी कामे नव्यावर करावीत. काय राहिले ते आपोआप कळते. सगळे आले याची खात्री पटल्यावरच जुना पुसून द्यावा.

दुसरे, दुकानात जाण्यापूर्वी एका साध्या कागदावर लिहावे: माझ्या फोनमध्ये अशा कोणत्या नोंदी आहेत, की ज्या गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत? पाच-सहाच निघतील. प्रत्येकीपुढे लिहावे, ती सरकारकडे आहे, कंपनीकडे आहे, की नुसत्या फोनमध्ये आहे. जिच्यापुढे 'नुसती फोनमध्ये' असे येईल, तिची आधी काळजी घ्यायची. बहुतेक हिशोबाच्या ॲपांत सगळी नोंद एका फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय असते; 'एक्स्पोर्ट' या नावाखाली ती सापडते. ती फाइल स्वतःला मेल करावी आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. तो पेनड्राइव्ह त्याच घरात न ठेवता लेकीकडे किंवा भावाकडे ठेवला तर उत्तम. बचत गटाचा हिशोब असेल तर महिन्याला एकदा तो कागदावर छापून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कागदाला कमी लेखू नका. त्याला पासवर्ड लागत नाही.

तिसरे, आपल्या खात्याचे नाव आणि पासवर्ड आपल्या हस्ताक्षरात लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावे, आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला ती जागा सांगून ठेवावी. दुकानदाराने खाते उघडून दिले असेल, तर पासवर्ड आजच बदलून घ्यावा. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या फोनचे हे काम मुलांनी करावे. पण त्यांना शेजारी बसवून, विचारून करावे. "आई, यातलं काय ठेवायचं?" असे विचारले, तर तिचे उत्तर आपल्या अंदाजापेक्षा वेगळेच निघेल.

चौथे, नंबरही बदलणार असाल तर जास्त जपा. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. त्याआधी बँक, आधार, व्हॉट्सॲप सगळीकडे नवा नंबर लावून घ्यावा.

आणि पाचवे, जे अमोल आहे ते ॲपच्या बाहेर काढून ठेवावे. तो चार सेकंदांचा आवाज व्हॉट्सॲपमध्येच राहू देऊ नका. त्याची वेगळी फाइल करा, तिला नाव द्या, तारीख घाला, आणि भावंडांत वाटून टाका. चार घरांत गेलेली वस्तू सहसा हरवत नाही.

शेवटी, एक आक्षेप रास्त आहे. सगळेच जपून ठेवायचे का? माणसाने काही विसरायचेही असते. हे मला मान्य आहे. जुन्या फोनबरोबर हजारो निरर्थक चित्रे गेली तर हळहळण्याचे कारण नाही, आणि काही भांडणेही गेलेली बरी. पण काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे आपण बसून ठरवावे. वर्षाकाठी घर सारवताना, कपाट आवरताना आपण तेच करत आलो. दुकानातल्या अर्ध्या तासाच्या घाईत ते ठरू नये. आणि त्या दुकानातल्या मुलाने तरी ते आपल्या वतीने का ठरवावे? त्या गोठ्यातल्या गायींची नावे त्याला कुठे ठाऊक आहेत?